पुढच्या वर्षी न आलेली गाडी

प्रकरण एका डब्याचं आहे. डबा पुठ्ठ्याचा, कडा मऊ पडलेल्या, एका कोपऱ्याला कुणीतरी फार पूर्वी लावलेली आणि आता तपकिरी झालेली सेलोटेप. आत क्रायस्लर टर्बाइन या गाडीचा प्लॅस्टिकचा किट, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधायची छोटी प्रतिकृती, १:२५ मापाची, डेट्रॉइटच्या जो-हॅन कंपनीची. माझ्या आतेभावाने तो मिशिगनमधल्या एका हौशी लोकांच्या बाजारातून घेतला, ‘पहिल्या खेपेचा, सीलबंद’ म्हणून. किती डॉलर मोजले ते त्याने मला सांगितलं नाही, बायकोसमोर तर नाहीच. आठवडाभर तो डबा नुसताच न्याहाळत होता. मग राहवेना म्हणून वरचं पारदर्शक आवरण फाडलं, आणि आतला माल बघून त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला गेलो होतो. भोसरीच्या एमआयडीसीत साचे करण्यात माझी हयात गेली. बादल्यांचे, मिक्सरच्या बॉडीचे, स्कूटरच्या साइड पॅनेलचे. खेळण्यातल्या गाड्यांचा मला नाद नाही, पण प्लॅस्टिकची वस्तू हातात आली की ती उलटी करून इजेक्टर पिनांचे, म्हणजे साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे, ठसे बघायची खोड आहे. लग्नाच्या पंगतीतही मी खुर्ची उलटी करून बघितलेली आहे.

भावाकडे याच किटची नंतर निघालेली एक आवृत्ती आधीपासून होती. रीइश्यू म्हणतात ती. डब्यावर वेगळं चित्र, आतले भाग सुटे, न जोडलेले. “दादा, दोन्ही शेजारी मांडतो. नंतरचा माल जुन्या डब्यात भरलाय का, एवढंच सांग.”

एवढंच सांगायला तीन संध्याकाळी लागल्या.

पहिली संध्याकाळ गाडीतच गेली. भाऊ त्याच कारधंद्यात नोकरीला, तेव्हा या विषयावर त्याला थांबवणं अवघड. क्रायस्लरने मे १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ही गाडी लोकांसमोर आणली. बॉनेटखाली पिस्टनचं इंजिन नाही, गॅस टर्बाइन. विमानाच्या इंजिनाचं धाकटं भावंड. नुसती उभी असतानाही टर्बाइन मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणार आणि पूर्ण जोरात ४४ हजारांच्या पुढे जाणार. बॉडी इटलीत तुरिनला, गिया कंपनीत हाताने घडवलेली. आधी ५ नमुने, मग ५० गाड्या, जवळजवळ सगळ्या एकाच तांबूस ब्राँझ रंगाच्या. या ५० गाड्या कंपनीने विकल्या नाहीत. अमेरिकेतल्या २०३ साध्या चालकांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या, ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६. डिझेल चाले, रॉकेल चाले, खाद्यतेलही चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांसमोर टकीलावर चालवून दाखवली, ही कथा तर भाऊ दर दिवाळीला सांगतो. मानवत नव्हतं ते शिसं घातलेलं पेट्रोल, आणि त्या काळी कोपऱ्यावरच्या पंपावर मुख्यत्वे तेच मिळायचं.

प्रयोग संपल्यावर क्रायस्लरने ५५ पैकी ४६ गाड्या भंगारात घातल्या. उरल्या ९. त्यातल्या काही संग्रहालयांत आहेत, एक जे लेनो या टीव्हीवाल्या गाडीवेड्याकडे.

म्हणजे खऱ्या गाड्या नऊ, आणि किट मात्र पुन्हा पुन्हा निघाला. भावाला यात गाडीवरचं प्रेम दिसतं. मला साच्याचा हिशोब दिसला, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या मांडणीवरचे बाकीचे डबे बघताना तो हिशोब जुळत गेला.

त्यासाठी या धंद्याची जुनी पद्धत माहीत हवी. १९४८ च्या सुमारास डेट्रॉइटच्या परिसरात दोन-तीन छोट्या कंपन्या निघाल्या. ट्रॉयची एएमटी त्यातली एक. भावाच्या घरापासून तिची जुनी जागा गाडीने काही मिनिटांवर. दुसरी जॉन हेनले यांची जो-हॅन. मालकाच्या नावाचेच दोन तुकडे जोडून केलेलं नाव. यांचं पहिलं गिऱ्हाईक पोरं नव्हती, कारचे डीलर होते. शोरूममध्ये ठेवायला, गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात द्यायला नव्या मॉडेलची हुबेहूब छोटी प्रतिकृती, रंगही कंपनीच्या रंगतक्त्यातला. त्यांना प्रोमो म्हणत. १९५८ मध्ये एएमटीने त्याच साच्यांवरून सुट्या भागांचे किट काढले, एका डब्यात तीन तऱ्हा: गाडी जशी आहे तशी बांधा, सजवून बांधा, नाहीतर शर्यतीची करा. डबे उचलले गेले.

आता गंमत अशी की अमेरिकन गाडीचा चेहरा त्या काळात दर वर्षी बदलायचा. शरद ऋतू आला की नवी जाळी, नवे मागचे दिवे, कडेची नवी क्रोम पट्टी. प्रोमोवाल्याला नव्या गाडीबरोबरच नवी प्रतिकृती द्यायची असायची. दर वर्षी नवा साचा करणं परवडणारं नव्हतं. मग तो गेल्या वर्षीचा साचा टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवायच्या कारखान्यात, घेऊन त्यालाच कोरायचा. १९६२ ची गाडी खरवडून १९६३ ची, तिची पुन्हा १९६४ ची.

कोरायचा म्हणजे काय, ते टूलरूमबाहेरच्या माणसाला उलटं वाटतं. साच्यातलं पोलाद काढलं की वस्तूवर प्लॅस्टिक वाढतं. नवीन गाडीला फुगीर भाग हवा असेल तर काम सोपं, पोलाद कापा. पण जुन्या गाडीचा पंख नव्या गाडीला नको असेल तर ती पोकळी बुजवायची, म्हणजे पोलाद भरायचं. वेल्डिंग करा किंवा तेवढा तुकडा काढून नवा इन्सर्ट बसवा, मग पुन्हा घासून पॉलिश. दोन्ही बाबतीत गेल्या वर्षीची गाडी त्या साच्यातून कायमची गेली. ती परत हवी तर सगळं उलट्या क्रमाने करायचं, आणि तेही मूळ लाकडी नमुना हाताशी असेल तर. बहुतेक वेळा तोही नसतो. वर सत्तरीच्या दशकाच्या आसपास असे कित्येक जुने साचे चाकांवरची कमान कापून मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी वापरून टाकले गेले. पोरांना तेव्हा ते आवडायचं, आणि चाळीस वर्षांनी कुणी १९६२ ची साधी सेडान मागेल हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. त्यांना दोष देता येत नाही. आम्हीही जुन्या स्कूटरच्या पॅनेलचे साचे भंगारच्या भावाने विकलेच.

म्हणून भावाच्या मांडणीवर रीइश्यू कुठल्या गाड्यांचे आहेत ते नीट बघा. एएमटीचा १९३२ चा फोर्ड, ज्याचा किट १९५९ मध्ये निघाला. ती गाडी तेव्हाच जुनी होती, तिचं पुढच्या वर्षीचं मॉडेल यायचा प्रश्नच नव्हता. डिओरा नावाची दाखवायची ट्रक, अलेक्झांडर बंधूंनी डॉजवरून केलेली, किट १९६७ चा. ‘द मन्स्टर्स’ या टीव्ही मालिकेतल्या मंडळींची लांबलचक शववाहिकाछाप गाडी. या सगळ्या एकेकट्या, वंश न वाढलेल्या गाड्या. आणि त्यांच्याच रांगेत टर्बाइन. तिची १९६५ ची आवृत्ती आलीच नाही, तेव्हा जो-हॅनच्या कारागिराने तिच्या साच्याला छिन्नी लावायचं कारणच उरलं नाही. क्रायस्लरचा प्रकल्प फसला, म्हणून हेनलेंचा साचा वाचला.

भाऊ म्हणाला, “म्हणजे आपली गाडी चालली असती तर किट मेला असता?”

बहुधा. निदान ही १९६३ ची टर्बाइन तरी त्यातून पुन्हा निघाली नसती.

तिसऱ्या संध्याकाळी मी टेबलावर पांढरा कागद अंथरला, त्याच्या मुलाचा अभ्यासाचा दिवा मागवला आणि भिंग घेऊन बसलो.

आधी टायर. या किटांचे टायर काळ्या विनाइलचे असतात, बाकी गाडी पॉलिस्टायरीनची. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकला असेल ते खातं. जुन्या डब्यात काचेच्या भागावर टायर पडून राहिला असेल तर काचेत गोल चर पडतो, त्याची नक्षीसकट छाप उमटते. जोडलेल्या गाडीत टायर रिमच वितळवून चिकटून बसतो. भावाच्या सीलबंद डब्यात चारही टायर क्रोमच्या भागांच्या झाडावर (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना लागलेले असतात त्यावर) आणि काचेवर थेट पडलेले होते. कुठेही डाग नाही, चिकटपणा नाही, काचेला पिवळी झाकही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या डब्यात असं असू शकतं, थंड जागी राहिला असेल तर. पुरावा म्हणून हे मी धरलं नाही, शंका म्हणून धरलं.

मग दोन्ही बॉडी उलट्या करून छताच्या आतल्या अंगाला दिवा तिरका धरला. कटरच्या फिरण्याच्या बारीक रेघा दोन्हीकडे एकाच वळणाच्या, एका जागी कारागिराचा हात थोडा खोल गेलेला, तोही दोन्हीकडे तिथेच. म्हणजे दोन्ही एकाच कॅव्हिटीतून, साच्यातल्या एकाच पोकळीतून, निघाल्या, नक्कल नाही. इथे मला जरा बरं वाटलं. हल्ली जुन्या किटवरून सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनच्या प्रती काढणारे घरगुती कारागीर पुष्कळ आहेत, पण तशी नक्कल मापात पकडता येते. पॉलिस्टायरीन थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. ही गाडी या मापात जेमतेम साडेवीस सेंटीमीटर, म्हणजे मूळ साचा सुमारे एक मिलिमीटर मोठा कापलेला असणार. प्लॅस्टिकवरून पुन्हा साचा घेतला तर प्रत आणखी आकसते. कॅलिपर लावला, दोन्ही बॉडी सारख्या.

निर्णय चेसिसवर लागला. खालच्या पाटाला, मागच्या चाकाजवळ, जुन्या डब्यातल्या भागावर केसाएवढी उंच रेघ होती, बोटभर लांब. प्लॅस्टिकवर उंच रेघ म्हणजे पोलादावर ओरखडा. कुणीतरी अडकलेला भाग स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढताना मारलेला असणार. हे पाप सगळ्या टूलरूममध्ये घडतं आणि कुणीच केलेलं नसतं. ठीक. आता रीइश्यूचा चेसिस घेतला. तिथे रेघ नाही.

म्हणजे जुन्या डब्यातला भाग रीइश्यूच्या आधीचा की नंतरचा? पोलादावरचा ओरखडा आपोआप भरत नाही. तो आधी असता तर रीइश्यूवरही दिसला असता, किंवा कुणी घासून काढला असता. घासला असता तर त्या जागेची बारीक खडबड गुळगुळीत झाली असती. रीइश्यूवर ती जागा आजूबाजूसारखीच, शाबूत. मग इजेक्टर पिनांचे गोल बघितले. पिन जिच्यातून वर येते ते भोक वापराने सैल होतं आणि ठशाभोवती प्लॅस्टिकची पातळ कॉलर उठते. रीइश्यूवर ती नावापुरती. जुन्या डब्यातल्या भागांवर नखाला लागेल एवढी. खिडकीच्या खांबावर, जिथे साच्याचे दोन भाग मिळतात, तिथला फ्लॅश, म्हणजे फटीतून निसटलेल्या प्लॅस्टिकची झालर, तोही जाड.

थोडक्यात, ‘पहिल्या खेपेच्या’ डब्यातला माल नुसता नंतरचा नव्हता. भावाकडच्या रीइश्यूच्याही नंतरचा होता.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “विकणारा तर देवमाणूस वाटला होता.” असेलही. डबा, कागद आणि प्लॅस्टिक यांची फारकत केव्हा झाली ते सांगता येत नाही. कुणा पोराने १९६५ मध्ये गाडी बांधली, डबा माळ्यावर ठेवला. पुढे कुणाला रिकामा डबा मिळाला, कुणाला डबा फाटलेला किट मिळाला, आणि दोघांचं लग्न लागलं. वरचं आवरण चढवायचं यंत्र कुठल्याही दुकानात असतं. शेवटचा विकणारा फसलेला गिऱ्हाईक असू शकतो. पैसे परत मागायला भाऊ गेला नाही. आवरण त्याने स्वतः फाडलेलं होतं, तोंड कुठे होतं मागायला.

मला यात आमच्या दोघांचा वाद जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं, आतला माल नकली निघाला. माझं म्हणणं, नकली कसा? माझ्या धंद्यात अस्सल वस्तू एकच असते, ते पोलाद. त्यातून निघालेला पहिला शॉट, म्हणजे साच्यात एकदा प्लॅस्टिक भरून काढलेला माल, आणि पन्नास हजारावा शॉट, दोन्ही त्याच्याच प्रती. साचा झिजतो, पिना सैल होतात, पण छताचं ते वळण तेच, जे एका कारागिराने मोठ्या लाकडी नमुन्यावरून पँटोग्राफ या आकार गिरवणाऱ्या यंत्राने लहान करत पोलादात उतरवलं. “ज्याला गाडी बांधायची आहे त्याला काय फरक पडतो?” मी म्हटलं.

“मी बांधणार नव्हतो,” तो म्हणाला.

इथे माझा मुद्दा अडला, हे कबूल करतो. त्याने पैसे प्लॅस्टिकचे दिलेच नव्हते. पुठ्ठ्याचे, चित्राचे, आणि हे कुणी उघडलेलं नाही या गोष्टीचे दिले होते. ती गोष्ट साच्यातून काढता येत नाही. म्हणून रीइश्यू आला की जुन्या किटचा भाव पडतो ही ओरड अर्धीच खरी आहे. ज्यांना बांधायचं असतं ते रीइश्यूकडे वळतात आणि भाव उतरतो. ज्यांना डबा हवा असतो ते जागचे हलत नाहीत.

रीइश्यू काढणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं आहे. एएमटीचे साचे १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेले, मग आयोवाच्या अर्टलकडे, तिथून हात बदलत शेवटी इंडियानातल्या साउथ बेंडच्या राउंड टू कंपनीकडे आले. ही कंपनी जुन्या डब्याचं चित्र जसंच्या तसं छापते, डिकॅल्स, म्हणजे गाडीवर चिकटवायची चित्रं-अक्षरं, मात्र मूळच्यापेक्षा भरगच्च देते. टायरवर गुडइयर, फायरस्टोन ही नावंही परवाना घेऊन परत आणली. मधल्या काळात परवान्याच्या कटकटीमुळे ती नावं साच्यांतून पुसून टाकली होती आणि जाणकार बिननावी टायर बघून नाक मुरडायचे. रेव्हेल-मोनोग्राम या दुसऱ्या किटवाल्यांची मालक कंपनी २०१८ मध्ये बुडाली तेव्हा त्यांचे बरेच जुने साचे न्यूयॉर्क राज्यातल्या अटलांटिसने उचलले आणि त्यांतून पुन्हा किट निघायला लागले. पोलाद हलवायला जड असतं, पण धनी मिळाला तर ते चालतं.

जो-हॅनला तसा धनी मिळाला नाही, ही या प्रकरणातली खरी बोच. जो-हॅनच्या बॉडीचं प्रमाण, छताची जाडी, कडेच्या पट्टीची धार त्या काळात वाखाणली जायची. कॅडिलॅक, ओल्ड्समोबाइल, रॅम्बलर, क्रायस्लरच्या गाड्या, म्हणजे बाकीच्यांनी सोडलेलं गिऱ्हाईक, यांनी सांभाळलं. पण कुठल्या मोठ्या खेळणी कंपनीच्या छत्राखाली ती गेली नाही. हेनलेंच्या हातून सुटल्यावर कंपनीचे मालक बदलले, साचे विखुरले, नवे शॉट तुरळक झाले. टर्बाइनचा साचा गाडीच्या नशिबाने छिन्नीतून वाचला, पण साच्याला नुसतं न कापणं पुरत नाही. त्याला तेल लागतं, कोरडी जागा लागते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी मशिनवर चढवून शॉट मारावा लागतो. पडून राहिलेल्या साच्याच्या कॅव्हिटीला गंज धरला की तो पॉलिश करताना बारीक रेघा आधी जातात. छताच्या आतला तो खोल गेलेला कटर पॉलिशवाल्याला दोषच वाटेल.

म्हणून भावाला मी एक सांगितलं, आणि ते त्याला पटलं असं वाटतं. त्याच्या त्या फसलेल्या डब्यातला चेसिस टाकाऊ नाही. ओरखडा, सैल पिना, जाड फ्लॅश, हे सगळं मिळून साच्याच्या उतारवयाची ती नोंद आहे. रीइश्यूच्या चेसिसशेजारी तो ठेवला की पोलाद कसं म्हातारं झालं ते दिसतं. एका प्रतीवरून हे कधीच कळलं नसतं.

पुढच्या रविवारी त्याने मुलाला हाताशी घेऊन जुन्या डब्यातली बॉडी बांधायला काढली. आधी टर्बाइनचं इंजिन, कारण बॉनेट उघडतं आणि बघणारा पहिल्यांदा तेच उघडतो. खांबावरचा फ्लॅश मी पातीने खरवडून दिला. चेसिस मात्र त्याने रीइश्यूमधला घेतला. ओरखड्याचा चेसिस टिश्यूत गुंडाळून रिकाम्या जुन्या डब्यात ठेवला आणि डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख टाकली. टायर त्या डब्यात ठेवले नाहीत. ते वेगळ्या कागदी पाकिटात.